खिंड, घाट आणि घळ : हिमालयातील सीमापार मार्गांच्या परिभाषेची चिकित्सा

१

पर्वतप्रदेशातून दोन राष्ट्रांना जोडणारा मार्ग आखणे हे स्थापत्यविशारदाचे, भूगर्भवेत्त्याचे आणि मुत्सद्द्याचे काम मानले जाते. भाषेच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध आलाच, तर तो मार्ग पुरा झाल्यावर त्यास नाव सुचविण्यापुरता, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात ह्या समजुतीस हरकत घ्यावयाची आहे. मार्गाची आखणी प्रथम शब्दांत होते आणि नंतर जमिनीवर उतरते. सीमा कोठे ओलांडावयाची, त्या स्थळाला काय म्हणावयाचे, त्याच्या कोणत्या अंगाची गणना करावयाची आणि कोणते अंग सोडून द्यावयाचे, हे पुष्कळ अंशी परिभाषेत ठरून गेलेले असते. परिभाषा सदोष असेल, तर मोजमाप कितीही काटेकोर असले तरी मूळ प्रश्नच चुकीचा विचारला जाण्याचा संभव राहतो.

हे विधान सर्वसामान्य पातळीवर सोडून देण्यात अर्थ नाही. ते एखाद्या उदाहरणावर तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी नेपाळ आणि तिबेट यांना जोडणारे दोन मार्ग येथे घेतले आहेत. एक काठमांडूहून कोदारी-तातोपानीकडे जाणारा अरनिको राजमार्ग; दुसरा त्रिशूलीच्या खोऱ्यातून रसुवागढी येथे सीमेस भिडणारा केरुंगचा मार्ग. ह्या दोन्ही स्थळांचा उल्लेख मराठी वृत्तपत्रांत व भूगोलविषयक लेखनात येतो, तेव्हा बहुधा 'खिंड' हा शब्द वापरला जातो. ह्या शब्दाने वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते, ते त्या स्थळाच्या वस्तुस्थितीशी जुळत नाही, आणि हा विसंवाद केवळ भाषांतरकाराचा हलगर्जीपणा नसून मार्गनियोजनाच्या विचारातील एका मोठ्या उणिवेचे ते लक्षण आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

प्रथम मराठीतील शब्दांचा विचार करू. डोंगर ओलांडण्याच्या जागेसाठी मराठीत घाट, खिंड, बारी, नाळ असे अनेक शब्द प्रचारात आहेत. ते परस्परांचे पर्याय नव्हेत. 'नाळ' म्हणजे कड्यातून उतरणारी अरुंद, उभी वाट. 'बारी' हा विशेषतः नाशिक-नगरकडील शब्द. 'घाट' शब्दात चढउताराची, वळणांची कल्पना प्रधान आहे. नाणेघाट, बोरघाट ही नावे चढून जाण्याच्या वाटेची आहेत. 'खिंड' शब्दात मात्र डोंगराच्या धारेत पडलेल्या खाचेची कल्पना आहे. शिवाय इ. स. १६६० मध्ये बाजीप्रभूंनी लढविलेल्या घोडखिंडीची, म्हणजे पावनखिंडीची, स्मृती ह्या शब्दास चिकटलेली आहे. 'खिंड लढविणे' हा वाक्प्रचारच झाला. त्यामुळे खिंड म्हटली की थोड्यांनी पुष्कळांस अडविण्याची जागा, हा भाव मराठी वाचकाच्या मनात आपोआप येतो.

पाचवा शब्द 'नाका'. हा डोंगराचा शब्द नव्हे, पण येथे तो आवश्यक आहे; कारण नेपाळीतही सीमेवरील ये-जा करण्याच्या स्थळास नाकाच म्हणतात : 'तातोपानी नाका', 'रसुवागढी नाका'. मराठीत नाका म्हटला की जकात आठवते. नेपाळीतही भन्साराची, म्हणजे सीमाशुल्काची, कल्पना त्यास जोडलेली आहे.

तेव्हा हे शब्द मार्गाकडे तीन दृष्टींनी पाहतात. खिंड ही अडविण्याची जागा, घाट ही चढण्याची जागा आणि नाका ही कर घेण्याची जागा. तिन्ही दृष्टी खऱ्या आहेत आणि हिमालयाच्या इतिहासात तिघींनाही आधार आहे. परंतु तिन्हींत एका गोष्टीचा मागमूस नाही, ती म्हणजे पाणी. सह्याद्रीच्या संदर्भात ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण सह्याद्रीची धार हाच जलविभाजक आहे. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते; समुद्र तेथून फार दूर नाही, तरी ती पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागरास मिळते. कोकणातून घाट चढून माणूस खिंडीत पोचला, की त्याच्या मागचे पाणी मागे व पुढचे पाणी पुढे वाहते. खिंड ही वाटेची सर्वांत उंच जागा असते आणि पाण्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक. तेथे वारा लागेल, धुके लागेल, पण महापूर लागणार नाही. मराठी माणसाची 'खिंड' ही ह्या भूरचनेतून आलेली आहे.

३

हिमालयातही अशा खिंडी आहेत. सिक्कीममधील नथू ला ही त्यांपैकी एक. सुमारे ४,३१० मीटर उंचीवरील ही जागा तिस्तेचे खोरे आणि चुंबीचे खोरे यांच्यामधील जलविभाजकावर आहे. १८९० च्या करारात सिक्कीम-तिबेट सीमा ह्या जलविभाजकावरूनच ठरविण्यात आली. दीर्घ काळ बंद राहिल्यानंतर २००६ साली ती व्यापारासाठी पुन्हा खुली झाली. तिला खिंड म्हणणे सर्वथा योग्य आहे.

जाता जाता एका गंमतीची नोंद करावयास हरकत नाही. 'ला' ह्या तिबेटी शब्दाचाच अर्थ खिंड. तेव्हा 'नथूला खिंड' असे लिहिणे म्हणजे 'नथू-खिंड खिंड' असे लिहिणे होय. पण मराठीत 'ला' हा द्वितीया-चतुर्थीचा प्रत्यय असल्यामुळे 'नथूला', 'शिपकीला' ही रूपे मराठी कानाला 'रामाला', 'गावाला' ह्यांच्या पंक्तीतील वाटतात; पुढे 'खिंड' जोडल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. योगायोग असा की तिबेटी भाषेतही 'ला' हा चतुर्थीसदृश अर्थाचा शब्दयोगी घटक आहे. ह्या साम्यावरून भाषाकुलासंबंधी काही अनुमान काढणे हास्यास्पद ठरेल. परंतु परका शब्द आपल्या भाषेत येताना स्वतःचा अर्थ सीमेवर ठेवून येतो, हे ह्या उदाहरणावरून चांगले दिसते.

आता कोदारी व रसुवागढी ह्या स्थळांकडे वळू. येथे सीमा ओलांडताना माणूस कोणत्याही धारेवर उभा नसतो. तो एका खोल दरीच्या तळाशी असतो. हिमालयातील काही नद्या पर्वताच्या मुख्य रांगेच्या उत्तरेस, तिबेटात उगम पावतात आणि ती रांग कापून दक्षिणेस येतात. पर्वत उंचावत असतानाच ह्या नद्या आपले पात्र कापीत राहिल्या, असा भूविज्ञानाचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. परिणामी येथे पर्वताचा माथा एकीकडे व जलविभाजक दुसरीकडे, अशी स्थिती झाली आहे. कोदारीहून पुढे जाणारा रस्ता न्यालम, म्हणजे जुने कुती, येथून चढत जातो आणि तिबेटात बऱ्याच आत, पाच हजार मीटरांच्या आसपासच्या उंचीवर, खरी खिंड ओलांडतो. राजकीय सीमेवर जे आहे ती खिंड नसून घळ आहे.

मराठीत 'घळ' हा शब्द जुना आहे. शिवथरघळीमुळे तो सर्वांस परिचितही आहे. तथापि इंग्रजी लेखकांनी कुती आणि केरुंग ह्या मार्गांस सरसकट 'पास' म्हटले, आणि आपण इंग्रजीवरून भाषांतर करीत 'खिंड' म्हटले. ह्या दोन पायऱ्यांत नदी गळून पडली.

४

नेपाळी भाषेने मात्र नदी गळू दिलेली नाही. अरनिको राजमार्गावरील काही नावे पाहावीत. धुलिखेलचा कणा उतरून मार्ग जेथे इंद्रावती व सुनकोशी यांच्या संगमाशी येतो, ते स्थळ दोलालघाट. येथील 'घाट' आपला डोंगरी घाट नव्हे. नदीकाठची उताराची जागा, हा त्याचा अर्थ. मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, नेपाळीत नदीचा अर्थ प्रभावी आहे आणि डोंगरी खिंडीसाठी 'भञ्ज्याङ' हा निराळा शब्द आहे. पुढे लामोसाँघु. 'लामो' म्हणजे लांब व 'साँघु' म्हणजे ओढ्यावर टाकलेला लाकडी पूल. कोकणातील व गोमंतकातील वाचकास येथे आपला 'साकव' आठवल्यावाचून राहणार नाही. दोन्ही शब्दांच्या मुळाशी संस्कृत 'संक्रम' असावा. त्याही पुढे तातोपानी, म्हणजे ऊन पाणी. राजापूरजवळचे उन्हाळे किंवा दापोलीकडील उन्हवरे ही नावे ज्या कारणाने पडली, त्याच कारणाने हेही पडले. आणि ह्या सर्व स्थळांच्या अंगाने वाहणारी नदी ती भोटेकोशी.

'भोटेकोशी' हे नाव अधिक विचार करण्याजोगे आहे. 'भोट' हा तिबेटवाचक शब्द. 'कोशी' म्हणजे संस्कृत 'कौशिकी'. भोटाकडून येणारी कोशी, असा सरळ अर्थ. आता लक्षणीय गोष्ट अशी की, रसुवागढीपाशी जी नदी तिबेटातून नेपाळात शिरते, तिलाही भोटेकोशीच म्हणतात. वस्तुतः ती कोशीच्या खोऱ्यातील नव्हेच. ती पुढे त्रिशूली होऊन गंडकीस मिळते. म्हणजे येथे 'कोशी' हे विशेषनाम राहिलेले नसून मोठी नदी एवढ्याच अर्थाने ते योजलेले आहे, आणि नावाचा सारा भार 'भोटे' ह्या विशेषणावर आहे. ज्यांनी ही नावे दिली, त्यांना त्या नदीविषयी सर्वप्रथम सांगावयाचे होते ते तिच्या खोलीविषयी वा रंगाविषयी नव्हे, तर तिच्या उगमाच्या दिशेविषयी : हे पाणी पलीकडून येते.

नावांवर असा भर देताना सावधगिरी मात्र अवश्य बाळगली पाहिजे. खुंबू प्रदेशात नांगपा ला ह्या खिंडीच्या खालून येणारी आणखी एक भोटेकोशी आहे. ती नेपाळच्या हद्दीतच उगम पावते. तेथे 'भोटे' म्हणजे भोटाच्या वाटेवरची किंवा भोटे लोकांच्या वस्तीतील, असाच अर्थ घ्यावा लागतो. स्थलनाम हा पुरावा नव्हे. ती एक सूचना असते. ती कोणता प्रश्न विचारावा हे सांगते, उत्तर देत नाही. स्थलनामांच्या अभ्यासात हौशी व्युत्पत्तींनी जो गोंधळ माजविला आहे, तो पाहता ही मर्यादा विद्यार्थ्यांनी विसरता कामा नये. परंतु कोदारी आणि रसुवा येथील भोटेकोशींच्या बाबतीत नावाने सुचविलेला प्रश्न खरा ठरला आहे, आणि त्याची किंमत फार मोठी मोजावी लागली आहे.

५

अरनिको राजमार्गाचा इतिहास थोडक्यात असा. ऑक्टोबर १९६१ मध्ये नेपाळ व चीन यांच्यात सीमाविषयक करार झाला आणि त्याच महिन्यात काठमांडू ते कोदारी रस्ता बांधण्याचाही करार झाला. सीमा आणि सीमा ओलांडणारा रस्ता एकाच महिन्यात कागदावर आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चीनच्या साहाय्याने बांधलेला सुमारे ११५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग १९६७ साली खुला झाला. त्यास ज्याचे नाव दिले, तो अरनिको हा तेराव्या शतकातील नेवार शिल्पी. तरुणपणी तो कारागिरांच्या तुकडीसह तिबेटात गेला, तेथून कुब्लाईखानाच्या दरबारी पोचला आणि आजच्या बीजिंगमधील श्वेत स्तूप त्याने उभारला. मार्गाला योद्ध्याचे नाव न देता कलावंताचे दिले, हे खिंडीच्या मराठी संस्कारापेक्षा निराळे आहे, आणि अभिनंदनीय आहे.

कुती व केरुंग यांच्या जुन्या इतिहासात मात्र योद्धे पुष्कळ आहेत. ह्या दोन नाक्यांवरील अधिकारासाठी काठमांडू खोऱ्यातील मल्ल राजांपासून लढाया झाल्या; १७९२ साली चीनचे सैन्य केरुंगच्या वाटेनेच नेपाळात उतरले. १९०४ च्या ब्रिटिश स्वारीनंतर कालिंपोंग-चुंबी हा मार्ग मोकळा झाला आणि ह्या जुन्या वाटांचा व्यापार ओसरला. म्हणजे त्यांच्यावर आलेले जुने संकट राजकीय होते. त्यामुळे 'खिंड' व 'नाका' ह्या दृष्टींनी त्यांचा विचार होणे स्वाभाविक होते. मोटाररस्ता झाल्यावर संकटाचे स्वरूप बदलले. विचाराची परिभाषा मात्र तीच राहिली.

हा बदल नेमका कसा झाला, हे समजण्यासाठी रस्ता आखण्याच्या व्यवहाराकडे पाहिले पाहिजे. पर्वतातून मार्ग नेण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक धारेच्या आश्रयाने, दुसरी नदीच्या आश्रयाने. धारेचा रस्ता लांब पडतो, त्यास नागमोडी वळणे फार, जड वाहनांस चढण कष्टाची. पण पुरापासून तो मुक्त. नदीकाठच्या रस्त्याचा चढ सौम्य, लांबी कमी, वस्त्या व बाजार वाटेवर; पण नदी डोंगराचा पायथा कोरते आणि पायथा कोरला की वरचा उतार खाली येतो. नेपाळच्या दक्षिण दिशेचा पहिला मोटारमार्ग, म्हणजे भारताच्या साहाय्याने १९५६ साली झालेला त्रिभुवन राजपथ, हा पहिल्या रीतीचा नमुना होय. तो सिमभञ्ज्याङ येथे सुमारे २,४८८ मीटर उंची गाठतो. पुढे त्रिशूली व नारायणी यांच्या काठचे रस्ते झाल्यावर जड वाहतुकीने हा राजपथ सोडला. ह्या निवडीचा हिशेब इंधन व वेळ ह्यांत मांडला तर तो बिनतोड आहे. पण १२ जुलै २०२४ रोजी नारायणगढ-मुगलिन मार्गावर सिमलताल येथे दरड कोसळून दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूलीत ओढल्या गेल्या, तेव्हा त्या हिशेबात न धरलेली बाजू सर्वांच्या डोळ्यांपुढे आली.

देशांतर्गत नदीमार्गावर निदान एवढे तरी शक्य असते, की नदीचे वरचे खोरे त्याच राज्याच्या निरीक्षणाखाली असते. सीमापार घळमार्गावर तसे नसते. ११ जुलै १९८१ रोजी तिबेटातील एका हिमसरोवराचा बांध फुटला. भोटेकोशीला आलेल्या लोंढ्याने सीमेवरील मैत्री-पूल नेला, राजमार्गाचे अनेक भाग उखडले आणि सुनकोशी वीजकेंद्राच्या बांधकामाची हानी केली. ५ जुलै २०१६ रोजी तसाच प्रकार पुन्हा घडला. ह्या वेळी फुटलेले तळे अगदी लहान होते, पण लोंढ्याने मोठमोठे धोंडे हलविले, काठ कोरले, आणि रस्त्याचे व जलविद्युत्-केंद्राचे मोठे नुकसान केले. ह्या पुरावर पुढे जो अभ्यास प्रसिद्ध झाला (२०१८), त्याचा निष्कर्ष असा की, अशा नद्यांच्या पात्रांची झीज दरसालच्या पावसाळी पुरांपेक्षा ह्या आकस्मिक लोंढ्यांनी अधिक होत असावी, कारण पावसाळी पूर जे धोंडे हलवू शकत नाहीत, ते हे लोंढे हलवितात.

येथे 'शंभर वर्षांचा पूर' ह्या प्रचलित संज्ञेचे परीक्षण करणे आवश्यक आहे. तिचा शास्त्रीय अर्थ, कोणत्याही एका वर्षी जो पूर येण्याची संभाव्यता शेकडा एक आहे तो पूर, असा आहे. शंभर वर्षांतून एकदाच येणारा, असा नव्हे. पण याहून मोठा दोष निराळा आहे. ही संज्ञा पूर्वीच्या नोंदींच्या मालिकेवर उभी असते आणि ती मालिका बहुतांशी पावसाच्या पुरांची असते. हिमसरोवराचा लोंढा त्या मालिकेतला घटकच नव्हे. त्याचे कारण आकाशात नसून वरच्या दरीत आहे, आणि वरची दरी परराष्ट्रात आहे. गणित बरोबर, पण गणिताला पुरविलेली नदी अर्धीच, अशी ही अवस्था आहे. 'भोटेकोशी' म्हणणाऱ्या शेतकऱ्याला गणित येत नव्हते, पण नदी पुरी ठाऊक होती.

६

ह्यानंतरच्या घटना सर्वांस ज्ञात आहेत. २ ऑगस्ट २०१४ रोजी जुरे येथे प्रचंड दरड कोसळून १५६ माणसे मेली, सुनकोशी तुंबली आणि अरनिको राजमार्ग बंद पडला. २५ एप्रिल व १२ मे २०१५ च्या भूकंपांनी कोदारीचा नाका संपूर्ण ठप्प झाला. पलीकडील खासा ह्या गावातील रहिवाशांना शिगात्सेकडे हलविण्यात आले. (ह्याच गावाला तिबेटीत द्राम व चिनीत चांग्मू म्हणतात. एका गावाची तीन नावे. बातमीत कोणते आले ह्यावरून बातमी कोणत्या बाजूने आली हे ओळखावे.) कोदारीमार्गे मालवाहतूक पुन्हा सुरू होण्यास २०१९ साल उजाडावे लागले. दरम्यान व्यापाराचा ओघ रसुवागढीकडे वळविण्यात आला.

हा निर्णय येथील टीकेचा मुख्य विषय आहे. त्या वेळच्या चर्चेत रसुवागढीचा उल्लेख 'पर्यायी मार्ग' असा होई. तातडीची गरज पाहता निर्णय समजण्यासारखा होता. १९६२ नंतर नथू ला बंद पडल्यावर किंवा २०१५ साली दक्षिण सीमेवरील मालवाहतूक खोळंबल्यावर नेपाळासारख्या भूवेष्टित देशाला उत्तरेचे एकापेक्षा अधिक दरवाजे हवेसे वाटणे साहजिक आहे. पण 'पर्याय' ह्या शब्दाचा अर्थ काय? पहिला मार्ग ज्या कारणाने निकामी होतो, त्या कारणापासून दुसरा मुक्त असेल, तरच तो पहिल्याचा पर्याय. कोदारी आणि रसुवागढी ही दोन्ही स्थळे घळीत आहेत. दोन्हींचे वरचे खोरे सीमेपलीकडे आहे. दोन्हींच्या नदीचे नाव भोटेकोशी आहे. नकाशावर दोन नाके दिसले म्हणून ते दोन समजले गेले. धोक्याच्या दृष्टीने तो एकाच जातीचा नाका दोन ठिकाणी होता.

८ जुलै २०२५ रोजी रसुवागढी येथे लोंढा आला. सीमेवरील मितेरी पूल वाहून गेला, सुक्या बंदरात उभी असलेली वाहने गेली, जीवितहानी झाली. लोंढ्याचा उगम तिबेटातील एका हिमनदीच्या पृष्ठभागावर साचलेल्या तळ्यात होता, असे काठमांडू येथील 'इसिमोड' ह्या पर्वतविकास-संस्थेने उपग्रहचित्रांवरून दाखविले. खालच्या लोकांना वेळेवर सूचना मिळू शकली नाही.

'मितेरी' हा शब्दही येथे तपासून घेण्यासारखा आहे. नेपाळीत 'मित' म्हणजे नुसता मित्र नव्हे. विधिपूर्वक नाते जोडलेला, सुखदुःखात व सुतकातही बांधलेला सोबती. दोन राष्ट्रांच्या पुलाला हे नाव देताना राजनीतीने लोकभाषेतील एक भारी शब्द उसना घेतला. उसन्याबरोबर त्याचे दायित्वही येते. ज्याच्याशी मितेरी जोडली, त्याला आपल्या अंगणातील पाणी त्याच्या दारी उतरणार असेल तर हाक घालावयाची असते. पूल हा त्या नात्याचा दृश्य भाग. वरच्या दरीतील तळ्यांची वार्ता खाली पोचविणे हा त्याचा अदृश्य, पण अधिक महत्त्वाचा भाग. करारांत पहिल्याचा तपशील सविस्तर असावा आणि दुसऱ्याची व्यवस्था खालच्या काठापर्यंत पोचू नये, ही गोष्ट 'मितेरी' ह्या शब्दाच्या अर्थाशी विसंगत आहे.

७

ह्या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. अभियंत्यांना हे सर्व ठाऊक नव्हते काय? हिमसरोवरांची सूची करणारे, दरडींचे नकाशे काढणारे तज्ज्ञ आज आहेत. त्यांना नदी कोठून येते हे भाषाभ्यासकाने शिकवावे, हा आगाऊपणा नव्हे काय?

आक्षेपाचा पहिला भाग मान्य आहे. ज्ञान होते आणि आहे. पण ज्ञान असणे निराळे आणि निर्णय ज्या भाषेत होतो तिच्यात त्याला जागा असणे निराळे. करारात, अंदाजपत्रकात, वृत्तपत्रात आणि विधिमंडळात जे शब्द फिरतात ते नाका, जोडणी, अंतर, पर्यायी मार्ग, हे होत. सरोवरे आणि दरडी परिशिष्टांत राहतात. सीमा हे मार्गाचे टोक मानले की तिच्या पलीकडील दरी आपोआप विषयाबाहेर जाते. तिला कोणी मुद्दाम वगळावे लागत नाही. परिभाषेचे सामर्थ्य हेच, की ती न बोलता वगळते. म्हणून तज्ज्ञाला शिकविण्याचा येथे प्रश्न नाही. तज्ज्ञाचे जे ज्ञान मधल्या मधे गळते, ते कोठे गळते हे दाखविण्याचा आहे, आणि ती जागा पुष्कळदा शब्दाची असते.

दुसरा आक्षेप असा येऊ शकेल, की खिंडीचा मार्ग तरी सुरक्षित आहे काय? नाही. तेथे हिम आहे, उंची आहे, वर्षातील कित्येक महिने वाहतूक बंद आहे. कुती व केरुंग ह्या वाटा शतकानुशतके चालल्या, त्या इतर अत्युच्च वाटांच्या मानाने त्या सखल होत्या म्हणूनच. घळीने जाणे मूर्खपणाचे आहे, असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते इतकेच, की घळीने जाणाऱ्याने आपण घळीने जात आहोत हे जाणून जावे. रस्त्याची पातळी, पुलाची उंची, मालाचे कोठार कोठे असावे, सूचनेची घंटा कोठून वाजावी, हे सारे त्या जाणिवेने ठरवावे. नदीकाठच्या सपाट तुकड्यावर सुके बंदर बांधणे हे नाक्याच्या परिभाषेत सोयीचे आहे. घळीच्या परिभाषेत तो सपाट तुकडा म्हणजे पूर्वीच्या लोंढ्यांनी आणून टाकलेला गाळ असण्याचाच संभव अधिक, आणि मग तेथे बांधण्यापूर्वी निदान एक प्रश्न विचारला जातो.

८

मराठीतील परिभाषेपुरते बोलावयाचे तर व्यावहारिक सूचना साध्या आहेत. जलविभाजकावरील स्थळास खिंड म्हणावे आणि तिबेटी नाव देताना 'ला' सुटा लिहून पुढे 'खिंड' जोडू नये. नदीने कापलेल्या जागेस घळ म्हणावे. 'कोदारीची घळ', 'रसुवागढीची घळ' असे लिहिल्याने मराठीचे काहीही बिघडत नाही आणि वाचकाला नदी दिसते. 'नाका' हा शब्द प्रशासनाच्या संदर्भात अवश्य वापरावा, पण तो भूरचनेचा शब्द नव्हे हे लक्षात ठेवावे. 'जोडणी'च्या जागी आपला जुना 'दळणवळण' हा शब्द पुष्कळ ठिकाणी चालेल; त्यात माणसांची, मालाची आणि व्यवहाराची दुतर्फा ये-जा अभिप्रेत आहे. ह्या ये-जेत वार्तेचाही समावेश करावयास तो शब्द आड येत नाही.

ह्या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काम पुष्कळ आहे. सीमापार मार्गांवरील स्थलनामांची पद्धतशीर नोंद दोन्ही बाजूंच्या भाषांत, म्हणजे नेपाळी, तामाङ, नेवारी, तिबेटी ह्या भाषांत, झाली पाहिजे. एकच नदी वर 'त्साङपो', खाली 'कोशी' आणि त्याही खाली 'त्रिशूली' होते. ही नावे जेथे बदलतात ती स्थळे नकाशावर मांडून पाहिली, तर भाषेची सीमा, राज्याची सीमा आणि दरीचा उतार ह्या तीन रेषा कोठे जुळतात व कोठे सुटतात हे दिसेल. टर्नर यांच्या नेपाळी व्युत्पत्तिकोशासारखे (१९३१) साधन हाताशी आहे. त्याच्या जोडीला आता उपग्रहचित्रेही आहेत. दोहोंची गाठ घालून देणारा अभ्यासक हवा आहे, आणि तो भूगोल विभागातूनच आला पाहिजे असे नाही.